कडूचा पाला

पाडव्याच्या सकाळी विश्वंभर ओट्यावर बसून दौतीत शाईची पुडी कालवत होता. त्याची बायको रूपा दारात आली आणि नाक्यावरच्या शिपायाला म्हणाली, "गुलाबसिंगभाऊ, तेवढा कडूचा पाला तोडून द्या वो. माझा हात पुरना."

"कडूचा?" मिशीला तेल लावता लावता गुलाबसिंग थांबला. "वो क्या होता है भाभी?"

रूपानं नाव घेतलं नाही. नुसतं बोट केलं समोरच्या झाडाकडं. नाक्यावर अडवलेल्या सगळ्या गाड्या बैल सोडून त्याच झाडाच्या सावलीत उभ्या राहायच्या.

"अच्छा, लिंबाचा. तो लिंब बोलो ना," असं म्हणत गुलाबसिंगानं उडी मारून एक डहाळी मोडली आणि तिच्या हातात दिली. ती आत गेली. थोड्या वेळानं पाट्यावर गूळ, डाळ आणि पाला वाटल्याचा आवाज यायला लागला. झालं, एवढंच. दुसऱ्या कुणाच्या घरी ही गोष्ट इथंच संपली असती आणि माणूस प्रसाद खाऊन, तोंड वाकडं करून कामाला लागला असता. विश्वंभर मात्र शाईच्या काडीकडं बघत बसला. काडीवरून शाई त्याच्या बोटांवर उतरली, तिथून धोतरावर ठिबकली, तरी त्याचं ध्यान नव्हतं.

कारण चार दिवसांआधी रूपा म्हणाली होती, "वाशिमकडच्या गाड्या येतेत, त्यात कुणापाशी आंबट असलं तर घ्या." तिला पाचवा महिना होता. पोटुशी बाईला आंबट लागतंच, त्यात काय, म्हणून त्यानं चिंच आणली. चिंचेकडं बघून ती हसली होती. "हे न्हाई वो. आंबट. पिवळं, गोल, पिळायचं असतंय ते." तेव्हा त्यालाही हसू आलं होतं. दुसऱ्या दिवशी त्यानं दोन लिंबं आणून दिली आणि ती खूश झाली. आता त्या दोन गोष्टी त्याच्या डोक्यात एकीशेजारी एक येऊन बसल्या. एक आंबट फळ. एक कडू झाड. दोघांचा रंग वेगळा, चव वेगळी, काम वेगळं. देव जरी आला तरी त्याला दोघांचं नातं सांगता यायचं नाही. दोघांत सारखं एकच होतं, तोंडातून निघताना दोघांची सुरुवात एक होती. आणि ती सुरुवात त्याची बायको जिभेवर येऊ देत नव्हती.

हे दुसऱ्या कुणाच्या ध्यानात आलं नसतं. विश्वंभरच्या आलं, कारण त्याला ते खूळ होतं. कनेरगावच्या करोडगिरी, म्हणजे जकातीच्या, नाक्यावर तो मुन्शी होता. इकडं निजामाचं राज्य, नाल्यापलीकडं वऱ्हाड, म्हणजे इंग्रजाचं. मधून जाणाऱ्या प्रत्येक गाडीत काय भरलंय ते रजिस्टरात उर्दूत लिहायचं, हे त्याचं काम. पहिल्याच महिन्यात त्याची गंमत झाली. पलीकडचा गाडीवान म्हणाला, कुटार भरलंय. इकडचा म्हणाला, भुसकट हाय. विश्वंभरनं दोन जिन्नस लिहिले. मग खाली उतरून पोत्यात हात घातला, तर दोन्हीकडं तेच. माल एकच, नाला ओलांडला की नाव दुसरं. त्या दिवशी त्याला झोप लागली नाही. शिकवणारं कुणी नव्हतं, पुस्तक नव्हतं. चौथीपर्यंतची उर्दू शाळा आणि बाकी सगळं आपलं आपण. त्यानं रद्दी पावत्या शिवून एक वही केली आणि पानाच्या वर वस्तूचं चित्र काढायला सुरुवात केली. नाव नाही, चित्र. खाली कोणत्या गावचा माणूस तिला काय म्हणतो ते. काम करायची एक रीत त्यानं स्वतःच ठरवली होती आणि ती तो कधी मोडत नव्हता: वस्तू पुढं ठेवायची, आपण नाव घ्यायचं नाही. आपण आधी नाव घेतलं की समोरचा आपल्याच तोंडातला शब्द उचलतो आणि त्याचा स्वतःचा शब्द पोटात राहतो.

वही भरत गेली तशी त्याला एक गोष्ट दिसायला लागली. आधी त्याला वाटायचं, माणूस ओळखायला नाव ठेवतो. पण अंधार पडला की लोक सापाला लांबडं म्हणायचे. दिवा विझवायचा नसतो, वाढवायचा असतो. बांगडी फुटत नाही, तीही वाढते. तेव्हा अर्धी नावं ओळखायला आणि अर्धी लपवायला, असं त्यानं लिहिलं. त्याखाली तीन रकाने पाडले: भीती, लाज, मान. सगळ्यात मजेचा रकाना मानाचा. नाक्यासमोर चहा-भजी विकणाऱ्या शकुबाईच्या सासऱ्याचं नाव दगडोबा. ती जन्मात दगड म्हणत नव्हती.

"शकुबाई, चूल कशाची मांडली वो?" तो मुद्दाम विचारायचा.

"तीन बसक्यांची," ती म्हणायची, आणि मग उलथनं उगारायची. "मुन्शीदादा, तुमाला कामधंदा न्हाई का? म्हाताऱ्याला मरून धा वर्सं झाली, तुमी कशाला त्याला माझ्या तोंडून उठवून राहिले?"

गाडीवान हसायचे. विश्वंभरला चेव यायचा. एकदा तो सगळ्यांसमोर म्हणून गेला होता, "कोणती बी बाई आणा. ती कोणता शब्द टाळते तेवढं सांगा, मी तिच्या माणसाचं नाव सांगतो." गुलाबसिंगानं तीन बाया आणल्या, तिन्ही वेळा विश्वंभर बराबर निघाला. नवरा, सासरा, थोरला दीर. याबाहेर चौथं कुणी निघायचं नाही. ते त्यानं वहीत लिहून, खाली दोन रेघा मारल्या होत्या. आणखी एक ओळ त्याखाली होती: ज्याचं नाव बाईच्या तोंडून सरळ निघतं, तो तिचा कुणी नसतो.

पाडव्याच्या दुपारी तो कचेरीत बसून आपल्या घरातली नावं मोजत होता. बाप किसनराव. आजा गोपाळराव. थोरला भाऊ नाही. चुलते दोन, त्यांची नावं वेगळी. मेलेली माणसं आठवली, दूरची आठवली, लग्नाच्या अक्षतेला आलेली आठवली. लिंबाजी कुणी नव्हतं. या मुलखात लिंबाजी तर गावोगाव दोन-दोन सापडतात, पण त्याच्या घरात नव्हतं. मग ही कुणाला मान देऊन राहिली? बाहेर गाड्यांच्या बैलांच्या घुंगरांचा आवाज येत होता आणि झाडावरून बारीक पांढरी फुलं रजिस्टरावर पडत होती. त्यानं ती फुंकर मारून उडवली. पुन्हा पडली.

मग आठवण वर आली. आठवण तशी साधीच होती, दोन वर्षं कुठं पडून होती कुणास ठाऊक. लग्नानंतर तो पहिल्यांदा शिरड शहापूरला सासरवाडीला गेला, तेव्हा वेशीत एक दांडगा गडी भेटला होता. अंगाला तांबडी माती, मानेवर ओला गमछा. रूपाकडं बघून तो हसला, "कवा आली?" म्हणाला, आणि तीही हसली. पुढं गेल्यावर विश्वंभरनं विचारलं होतं, कोण? "तालमीतला," ती म्हणाली. तालमीतला. नाव नाही. तेव्हा त्याला त्यात काही वाटलं नव्हतं. आता वाटलं, आणि असं वाटलं की कानाच्या पाळ्या गरम झाल्या. माणूस असून त्याला झाडासारखं दुसरं नाव. त्यालाही तिनं कडूच्याच रांगेत बसवलं होतं.

त्या दिवसापासून तो घरात पाहुण्यासारखा वावरायला लागला. रूपा बोलायची आणि तो तिचं बोलणं ऐकायच्या ऐवजी तिचे शब्द तपासायचा. एका संध्याकाळी त्यानं लिंबू तिच्यापुढं ठेवलं.

"हे काय हाय?"

"माझी बी वही भरून घेता का?" ती हसली. "आंबट."

"त्याला नाव न्हाई?"

"हाय की. आंबट."

"लोक काय म्हणतेत?"

"लोक म्हणतेत त्ये लोकाला इचारा."

"तू म्हण एकदा."

ती थांबली. तोंड उघडलं, मिटलं. "न्हाई येत तोंडात."

"काहून?"

"ल्हान असताना एकदा म्हणलं व्हतं, तर मायनं तोंडावर उलथनं मारलं. हे बघा, इथं." तिनं ओठाच्या कडेची बारीक खूण दाखवली. "तवापासून न्हाई म्हणलं. आमच्या घरी सगळे असंच म्हणतेत."

"पण मारलं काहून?"

"काय माहीत. मायला इचारायची सोय हाय का?" मग तिनं लिंबू उचलून वास घेतला आणि पोटावर हात ठेवून म्हणाली, "ह्याला आवडतंय. पोरगं झालं तर नाव तुमच्या वहीतूनच काढा. मला तसंबी घेता यायचं न्हाई, तुमच्या बापाचं ठेवलं तर."

किती सरळ बोलली. आणि ते सरळपणच त्याला टोचलं. लहान पोरीनं एखाद्या पोराचं नाव घेतलं म्हणून माय तोंडावर मारते, ती काय उगाच? म्हणजे मायलाही ठाऊक आहे. बापालाही असेल. साऱ्या शिरडला असेल. आपल्यालाच एकट्याला चिंच आणायला पाठवलंय. तिच्या ओठावरची ती खूण त्यानं दोन वर्षं कितीदा पाहिली होती, एकदा तर तिच्यावर बोटही फिरवलं होतं, आणि आता ती खूण दुसऱ्याच माणसाची वाटत होती. तो ताटावर बसला की आमटीत पिळलेलं लिंबू जिभेला लागायचं आणि घास फिरायचा. एकदा वाटलं, सरळ विचारावं. पण त्याची रीत आडवी आली. आपण नाव घ्यायचं नाही. तिनं आपणहून घ्यायला पाहिजे. घेतलं तर ती सुटली, असं त्यानं मनाशी ठरवलं आणि वाट बघत राहिला. रूपा मात्र रोज दारातला पालापाचोळा झाडताना म्हणायची, "ह्या कडूचा काय कचरा पडतोय." आणि आत कचेरीत त्याची लेखणी थांबायची.

सातव्या महिन्यात तिचा बाप तातेराव गाडी घेऊन आला. पहिलं बाळंतपण माहेरी, त्यात बोलायचं काही नव्हतं. विश्वंभर एवढंच म्हणाला, "इथं बी सुईण हाय." तातेराव समजुतीचा माणूस. म्हणाला, "जावईबापू, लेकराची तकलीफ मायलाच कळती." गाडी निघाली तेव्हा रूपानं मागं वळून बघितलं आणि पदर सावरत म्हणाली, "येते बरं का. वेळेवर जेवत जा." गाडी झाडाखालून गेली. त्याला वाटलं, ही इतकी खुशीत कशी जाऊ शकते? रिकाम्या घरात तो नऊ दिवस राहिला. दहाव्या दिवशी गुलाबसिंगाला म्हणाला, "दोन दिवस रजिस्टर सांभाळ."

"क्या हुआ मुन्शीजी? तार आयी क्या?"

"न्हाई," तो म्हणाला, आणि हिंगोलीच्या मोटारीत चढला.

औंढ्यापर्यंत मोटार, तिथून शिरडला जाणारी हळदीची रिकामी गाडी मिळाली. वाटभर तो गाडीवानाशी बोलला नाही. वही आणली नव्हती. पहिल्यांदाच तो वहीशिवाय घराबाहेर पडला होता आणि हाताला काम नसल्यासारखं वाटत होतं. वेशीत उतरून त्यानं विहिरीवरच्या एका म्हातारीला मुद्दाम विचारलं, "तातेरावाचं घर कुठं?" घर त्याला ठाऊक होतं. त्याला नुसतं ऐकायचं होतं.

"तातेरावाचं?" म्हातारी कळशी कमरेवर घेत म्हणाली. "ते बघा, त्या लिंबाजीच्या तालमीमागं."

झालं. इतकी वाट बघितलेला शब्द असा फुकटात मिळाला. छातीत धडधड व्हायला पाहिजे होती, ती झाली नाही. उलट गणित सुटल्यावर वाटतं तसं गार वाटलं, आणि त्या गार वाटण्याची त्याला थोडी लाजही वाटली. तालमीच्या दारात तोच गडी माती चाळत बसला होता. उठून, हात झटकून तो पुढं आला. "पाव्हणं, रूपाअक्काचे मालक न्हवं का तुमी? ऊन केवढं झालंय, या, पाणी प्या." अक्का. विश्वंभरनं त्याच्याकडं बघितलं. अक्का हे काय, तेही एक झाकणच, वरून घातलेलं. तो पाणी न पिता पुढं गेला.

सासू मनकर्णाबाई ओसरीवर सुपात मटकी निवडत होती. रूपा खांबाला टेकून पाय पसरून बसली होती, पायांना सूज होती. त्याला बघून तिनं पदर डोक्यावर घेतला आणि तिचं तोंड उजळलं. ते उजळलेलं तोंड त्यानं बघितलं आणि त्यावरही विश्वास ठेवला नाही.

"जावईबापू? असे अचानक?" मनकर्णाबाई उठायला लागली. "रूपे, पाणी आण. न्हाई, तू बस, मीच आणते."

"पाणी नको मामी," तो म्हणाला. उंबऱ्याच्या आत एक पाय, बाहेर एक पाय, तसाच उभा राहून त्यानं विचारलं, "लिंबाजी कोण हाय?"

सूप हलायचं थांबलं. मनकर्णाबाईनं त्याच्याकडं बघितलं नाही. तिनं त्याच्या मागं दाराकडं बघितलं, आणि वर नाही, खाली. त्याच्या कंबरेएवढ्या उंचीवर. कुणी बारकं तिथं येऊन उभं राहिलं असावं तशी ती बघत राहिली. विश्वंभरनंही नकळत मागं वळून पाहिलं. दारात ऊन होतं, दुसरं काही नव्हतं.

मग ती सुपाशीच बोलली, "चार वर्साचा व्हता. दारातल्या कडूखाली गाडीतच झाला, म्हणून सासऱ्यानं ते नाव ठेवलं. देवी आल्या त्याला. अंगाची आग आग व्हायची. त्याच कडूचा पाला आणायचा, अंगावरून फिरवायचा. रात्रंदिवस फिरवला. हात भरून यायचे, पण मी थांबले न्हाई. त्याचं नाव बी त्येच, पाला बी त्योच." तिनं सुपातला एक खडा उचलला, बघितला, परत सुपातच टाकला. "मग ह्यांनी दारातलं झाड तोडून टाकलं. तवापासून घरात कुणी न्हाई म्हणलं. ही मागून झाली. हिला बी म्हणू दिलं न्हाई."

"माय," रूपा हळूच म्हणाली, "दादाचं नाव ते व्हतं?"

मनकर्णाबाईनं मान डोलावली.

"तू तर नुसतं 'तो' म्हणायची. मला वाटलं, नाव ठेवायच्या आधीच गेला." रूपानं ओठाच्या कडेला बोट लावलं. विश्वंभरला वाटलं, आता ती रडेल आणि आपल्याला काहीतरी करता येईल, पाणी आणता येईल, खाली बसता येईल. त्याच्या डोक्यात वहीचं ते पान उघडं पडलं होतं. भीती, लाज, मान. तीन रकाने. चौथा पाडायला त्यानं जागाच ठेवली नव्हती. आणि एवढी वर्षं पाळलेली रीत त्यानं मोडली होती ती नेमकी इथं, या घरात, जिथं वीस वर्षं कुणाला तो आवाज काढू दिला नव्हता.

रूपा रडली नाही. तिनं विचारलं, "आणि तुमी कुणाला धुंडत आलते?"

तिनं त्याच्या तोंडाकडं बघितलं, मग दारातून दिसणाऱ्या तालमीच्या कुडाकडं, मग परत त्याच्याकडं. पाडव्यापासूनचे सगळे दिवस ती एकेक करून उलटत होती हे त्याला दिसत होतं. लिंबू पुढं ठेवलेली संध्याकाळ. फिरलेले घास. इथं बी सुईण हाय. सगळं तिच्या हाताला लागलं. तिचा हात पोटावर गेला आणि तिथंच राहिला, झाकून.

"तालमीतल्याला?" ती म्हणाली. हसू येतंय असं वाटलं, पण आलं नाही. "त्याचं नाव बी त्येच, मायनं म्हणू दिलं न्हाई, म्हणून तालमीतला."

"रूपा, मी..."

"विश्वंभरराव," ती म्हणाली.

मनकर्णाबाईच्या हातातून सूप सुटलं. मटकी सगळ्या ओसरीभर पसरली. स्वतःचं नाव त्यानं आजवर हजार तोंडांतून ऐकलं होतं, साहेबाच्या, शिपायाच्या, गाडीवानाच्या. या तोंडातून पहिल्यांदाच ऐकलं. तिनं ते अडखळत घेतलं नाही. रस्त्यावरच्या माणसाला हाक मारावी तसं, स्वच्छ, पुरं घेतलं.

"जा तुमी."

"या म्हण, बाई," मनकर्णाबाई मटकी गोळा करता करता म्हणाली. "जा म्हणू न्हाई. या म्हण."

रूपा सांडलेली मटकी वेचायला लागली. मग उंबऱ्याच्या आत असलेला पाय त्यानं बाहेर घेतला.

दुसऱ्या दिवशी हिंगोलीहून सरकीची एक गाडी वाशिमकडं निघाली होती, तिच्यावर बसून तो परत आला. गाडीवान जवान होता, पहिल्यांदाच या वाटेनं चालला होता, आणि बोलका होता. नाक्यावरची झडती किती वेळ चालते, पाणी कुठं मिळतं, मुन्शी कसा माणूस आहे, असं विचारत होता. मुन्शी बरा आहे, असं विश्वंभर म्हणाला. नाका दिसायला लागला. शकुबाईच्या चुलीचा धूर, गुलाबसिंगाची खाट, आपलं बंद दार.

"मालक, गाडी कुठं लावू?" गाडीवानानं कासरा ओढला.

विश्वंभरनं समोर बघितलं. झाड दुपारच्या उन्हात हिरवंगार उभं होतं, खाली दोन गाड्या सुटलेल्या होत्या. त्यानं तोंड उघडलं. मिटलं.

"तिथं," तो म्हणाला. "कडूखाली."

"कशाखाली?"

त्यानं नुसतं बोट केलं.